पलीकडच्या सुनेची साडी

"पूल समोर दिसत असताना माझ्या ताईला माहेरची साडी का मिळाली नाही?" जालिंदरने दोन्ही गावांत विचारलं.

बाई वारली की माहेरची साडी अंगावर घालूनच तिला उचलायची, ही नदीच्या दोन्ही काठांची रीत. पण भांडणापायी गावांनी पुलावर काटे टाकून पहारा बसवला होता. जालिंदर साडी घेऊन लांबच्या वळशाने ताईच्या सासरी पोहोचला, तोवर चिता पेटली होती.

महिन्याभराने पूल उघडावा का, हे विचारायला प्रांतसाहेब आले. दोन्ही सरपंच कधी नव्हे ते एका सुरात म्हणाले, "आमचं पलीकडे काही अडत नाही."

"छान, एकमत झालं," साहेब म्हणाले. "लिहा, पुलाची गरज नाही."

जालिंदर तीच साडी घेऊन उभा राहिला. "आणखी एक ओळ घाला. पलीकडची सून वारली, तर तिला माहेरच्या साडीवाचून उचलू. खाली सरपंचांची सही घ्या."

"तुला लिहिता तरी येतं का रे?"

"नाही साहेब. म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

एका सरपंचाने तावातावाने पेन उचललं. मागे त्याची आई बसली होती, पलीकडच्या गावची लेक.

"कर की सही," ती म्हणाली. "मी बघतेय."

त्याने पेन खाली ठेवलं. दुसऱ्याने ते उचललंच नाही. साहेबांनी 'पुलाची गरज नाही' ही ओळ खोडली.

जालिंदर हुकमाची वाट बघत बसला नाही. पहारेकऱ्यांदेखत त्याने पुलावरचे काटे हातांनी ओढून नदीत टाकले, आणि साडी काखोटीला मारून ताईच्या चितेच्या जागेकडे चालू लागला. साडी तिथे ठेवून तो कायमचा निघून गेला; त्या दोन गावांसाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम.