आशीर्वादाआधीचा प्रश्न

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या पाठशाळेत एक शिष्य शिकत होता. त्याच्या गावात वैद्य नव्हता. उपचाराअभावी त्याचे वडील ऐन चाळिशीत गेले, तेव्हा गावकऱ्यांनीच त्याला इथे धाडले होते. तो वैद्य होऊन परत येईल, या आशेवर सारे होते.

शिष्य आळशी मुळीच नव्हता. पहाटे उठून तो वैद्यकाचा ग्रंथ पहिल्या श्लोकापासून म्हणू लागे. आवाज असा गोड, की पाण्याला निघालेल्या बायका घागर खाली ठेवून ऐकत. कौतुक कोणाला नको असते? ते त्याला चांगलेच मानवले.

संध्याकाळच्या जेवणात मात्र गुरुजी त्याचा विरस करीत. घास हातात असतानाच विचारीत, "ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी खायला काय द्यावे?"

शिष्य गडबडे. "गुरुजी, पहिल्यापासून म्हणू का?"

"नको. तेवढेच सांग."

नेमके तेवढेच त्याला सांगता येत नसे. बाकीचे शिष्य गालात हसत आणि अपमानाने त्याचे कान तापत. हळूहळू काही ना काही निमित्त काढून तो सर्वांच्या आधीच जेवू लागला. गुरुजींनीही त्याला पुन्हा पंक्तीला बोलावले नाही.

वैद्य होण्यासाठी द्यायच्या परीक्षेच्या सकाळी तो गुरुजींच्या पाया पडला. त्यांनी मस्तकावर हात ठेवला नाही. म्हणाले, "बाळंतिणीची उलटी थांबत नाही. काय देशील?"

शिष्याचे डोळे भरून आले. "आज तरी नको हो, गुरुजी. आज फक्त आशीर्वाद द्या."

गुरुजी क्षणभर घुटमळले. मग त्यांनी हात ठेवला.

परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "विंचू चावलेले पोर दारात आणले आहे. आधी काय करशील?"

शिष्याने डोळे मिटले आणि मनात मंगलाचरणापासून सुरुवात केली. ज्वर झाला, खोकला झाला, पोटशूळ आला. विषाचे प्रकरण अजून फार पुढे होते.

"पोर हातचे गेले रे," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

पुढची परीक्षा तीन वर्षांनी होती. तोवर गावाने काय करायचे? घरी निरोप धाडताना त्याला शब्द सुचेनात. सगळा राग त्याने गुरुजींवर काढला.

"तुमचा आशीर्वाद फळला नाही."

"तो तू मागून घेतलास," गुरुजी म्हणाले. "मी देत होतो ते वेगळे होते. बाळ, जे येत होते तेच तू रोज म्हणत राहिलास, कारण ते म्हणताना सुख होते. आपण कुठे अडतो हे जिथे कळत होते, तिथून तू उठून गेलास. रोगी ग्रंथाच्या क्रमाने आजारी पडत नाहीत. माझ्यासमोर अडला असतास, तर चार जण हसले असते, इतकेच. आणि तुला वाईट वाटते म्हणून मी विचारायचे सोडले. तुझ्या गावाचा अपराधी मीही आहे."

त्या संध्याकाळी शिष्य सर्वांबरोबर पंक्तीला बसला. गुरुजींनी काहीच विचारले नाही.

"विचारा, गुरुजी," शेवटी तोच म्हणाला.

गुरुजींनी विचारले. शिष्य अडला. कोणीतरी हसलेही.

"येत नाही," तो मान वर करून म्हणाला. "सांगा, आणि उद्या पुन्हा हेच विचारा."