कोपऱ्यातली खाट

“…पण मग लोक हसले की नाही?” जमालबाबांनी विचारलं.

“हसले ना, बाबा! तेच तर सांगतोय.”

पुष्कर रेवणकर वैतागला होता. पहिलाच सिनेमा काढलेला माणूस वैतागला की समोरच्याची सुटका नसते.

दुपारचे दोन वाजले होते. गावाबाहेरच्या दर्ग्याच्या पायरीवर, गोणपाटाच्या आडोशाला दोघे बसले होते. जमालबाबा आता फकीर झाले असले, तरी चाळीस वर्षं त्यांनी जत्रांमधून तंबूत सिनेमे दाखवले होते. सिनेमा कसा बघायचा, हे पुष्करला त्यांनीच शिकवलं. आता आपण गुरूच्या पुढे गेलो असं पुष्करला वाटायचं, आणि तो ते फारसं लपवतही नसे.

त्याच्या सिनेमाचं नाव ‘पावणेतीन चोर’. तीन भुरटे चोर एका घरात शिरतात. चोरण्यासारखं काहीच सापडत नाही, आणि आलेल्या पाहुण्यांना जेवू घालायची पाळी त्यांच्यावरच येते. सिनेमा मोबाइलवर लागला आणि फार कुणी पाहिला नाही. ज्या थोड्यांनी पाहिला, त्यांनी खाली आपापलं मत लिहिलं होतं.

“वाच.”

पुष्करनं मोबाइल काढला.

“‘पोट धरून हसलो. कोपऱ्यातल्या आजी कोण?’… ‘जाड्या चोर झकास. त्या आजींना कुणी पाणी का विचारत नाही?’… ‘दुसऱ्यांदा पाहिला. आता खाटेवरून नजर हटत नाही.’… आणि हे महाशय बघा. एकच शब्द. ‘खाट’.”

“असं किती जणांनी लिहिलंय?”

“सगळ्यांनीच.”

बाबा दाढी कुरवाळू लागले.

“गोष्टीत आजी नाहीच, बाबा! एका गावात घर भाड्यानं घेतलं. घरमालकाची म्हातारी आई कोपऱ्यातल्या खाटेवर झोपली होती. तो म्हणाला, तिला हलवू नका, तुमचं चालू द्या. आम्ही चालू दिलं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, एका दिवसात सगळं उरकलं. मी इतके विनोद पेरलेत आणि हे लोक खाट बघत बसलेत!”

“मग आता?”

“एक मोठी कंपनी सिनेमा घ्यायला तयार आहे. अट एकच, खाटेची भानगड मिटवा. उद्या एक जण संगणकावर आजींना पुसून देणार आहे. नुसती खाट राहील. बरोबर आहे ना?”

बाबा मोबाइलकडे बघत होते.

“बरोबर आहे ना, बाबा?”

एवढ्या होकारासाठी तो सकाळपासून दोन एसट्या बदलून आला होता.

“दाखव,” बाबा म्हणाले.

त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि पहिल्यांदा आवाज बंद केला.

“अहो, विनोद सगळे बोलण्यात आहेत!”

“यंत्राच्या खडखडाटात आम्हाला बोलणं कुठं ऐकू यायचं, पोरा? आम्ही उजेड बघायचो.”

बाबा बघत राहिले. जाड्या चोर धान्याच्या कणगीत अडकला तेव्हा ते खुदकन हसले. पुष्करला बरं वाटलं. नंतर मात्र ते हसले नाहीत.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हितं ऊन तिच्या पायावर हाय.”

सिनेमा थोडा पुढे सरकवला. “हितं छातीवर.”

आणखी पुढे… “आन् हितं तोंडावर.”

“हो, त्या खिडकीनं फार छळलं आम्हाला,” पुष्कर म्हणाला. “उन्हाचा पट्टा सारखा सरकत होता.”

बाबांनी हात लांबवला आणि आडोशाचं गोणपाट बाजूला सारलं.

ऊन थेट पुष्करच्या डोळ्यांत घुसलं. त्यानं झटकन मान फिरवली आणि हात आडवा धरला.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“ऊन, बाबा! तोंडावर एकदम…”

तो बोलता बोलता थांबला. हात तसाच वर राहिला.

मोबाइलवर तीन चोर खाटेभोवती एकमेकांचा पाठलाग करत होते, तोंडांची उघडझाप करत, अजिबात आवाज न करता. म्हातारीच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन होतं. तिचा हात गोधडीवर जिथे होता तिथेच होता.

पुष्करला भीती वाटली.

“दुसऱ्या दिवशी घरमालकाचा फोन आला होता,” तो हळूच म्हणाला.

“काय म्हणाला?”

“मी… उचलला नाही. कामात होतो.”

“परत आला?”

“आला. चार-पाचदा.”

बाबांनी मान हलवली.

“आम्ही काही केलं नाही तिला, बाबा. आम्हाला काय माहीत? तो म्हणाला, झोपलीय…”

“केलं असं कोण म्हणतंय?”

खालच्या शेतात कुणीतरी बैलाला हाक मारली.

पुष्करनं मोबाइलसाठी हात पुढे केला. त्याचा आवाज आता विनवणीचा झाला होता. “उद्या एकदा पुसलं की कुणाला काही दिसणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.”

जमालबाबांनी मोबाइल त्याच्या हातात ठेवला.

“पूस,” ते म्हणाले. “पर रिकाम्या खाटेवरचं ऊन मग कुणाच्या तोंडावर पडतंय, ते एकदा नीट बघून घे.”