कुलपातलं ताक

फार फार मागची गोष्ट. कुठल्या राज्यातली, ते मला विचारू नका. तिथला राजा इतका संशयी, की राज्याचं नावसुद्धा त्यानं उशाखाली दडवून ठेवलं असेल!

वाऱ्यानं दार वाजलं तरी त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. भाऊ हसला, तर का हसला? प्रधान गप्प बसला, तर का गप्प बसला?

राजाला ताक फार आवडायचं. पण ताकात कुणी विष कालवलं तर? म्हणून त्यानं स्वतःपुरती एक पितळी चरवी वेगळी काढली होती. संध्याकाळी डोळ्यांदेखत ताक घुसळून घ्यायचा, चरवीत भरायचा, कपाटात ठेवून कुलूप लावायचा आणि सकाळी प्यायचा. दिवाळीआधी कल्हईवाला यायचा, वाड्यातली सगळी पितळी भांडी आतून कल्हई लावून लखलखीत करायचा. "महाराज, तुमची चरवी?" असं त्यानं विचारलं, की राजा डोळे वटारायचा. "परक्याच्या हातात माझं भांडं? नाव काढू नकोस!"

पुढे राजाचं पोट बिघडलं. सकाळी मळमळ, मग उलटी, मग कळा. राजवैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "महाराज, खातापिता काय, कशात, ते जरा बघू द्या. मुदपाकखाना दाखवा."

"का हो? तिथं तुमचं काय काम?" राजा गरजला. "औषध द्या आणि वाटेला लागा."

वैद्यांनी मुकाट्यानं चूर्ण दिलं. त्यानं दुपारपर्यंत बरं वाटायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. राजा आणखी कडक चूर्ण मागायचा. आणि गंमत बघा, ते घ्यायचा कशाबरोबर? त्याच चरवीतल्या ताकाबरोबर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

राजाची गालफडं बसली. अंगरखा खांद्यावर लोंबू लागला. आता त्याची खात्रीच पटली, की कुणीतरी विष घालतंय. ताक घुसळायचं कोण? म्हातारे आचारी. ज्यांनी लहानपणी त्याला मांडीवर घेऊन भात भरवला, ज्यांना तो मामा म्हणायचा, तेच.

"मामा, खरं सांग. कुणाला फितूर झालास?"

"महाराज, या हातानं तुम्हाला घास भरवले. त्याच हातानं विष घालीन का हो?"

"गोड बोलणारेच घालतात!" राजा ओरडला. अमावास्येला कडेलोट, तोवर कोठडी, असा हुकूम झाला.

चार दिवसांनी राणी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. मामा कोठडीत आहेत ना? मग तुमचं पोट दुखायचं थांबलं का?"

थांबलं नव्हतं. पण राजा आता तिच्याकडेच टक लावून पाहू लागला. "मामासाठी तुझा एवढा जीव का तुटतो?"

मग मात्र राणी चिडली. "बरं! मी माहेरी जाते. नोकरचाकर सगळे हाकला. गाय तुम्ही पिळा, विरजण तुम्ही लावा, ताक तुम्ही घुसळा. तरीही पोट दुखलं, तर कड्यावरून कुणाला ढकलायचं ते ठरवून ठेवा!"

राजानं अगदी तसंच केलं. वाडा रिकामा केला. गाईनं लाथ मारली, तळहाताला फोड आले, पण ताक झालं. त्यानं ते चरवीत भरलं, कुलूप लावलं. सकाळी उठून प्याला आणि भडाभडा ओकला.

तो भिंतीला टेकून बसला. वाड्यात चिटपाखरूही नव्हतं. संशय घ्यायला कुणी सापडतं का म्हणून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पण माणूस उरला होता एकच. तेव्हा कुठे त्यानं चरवी उजेडात धरून आत डोकावून पाहिलं. कल्हई केव्हाच उडाली होती. तळाशी हिरवट थर बसला होता. ताक कळकलं होतं. आंबट ताक रात्रभर बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं तर दुसरं काय होणार? अरे देवा! रोज संध्याकाळी तो आपल्याच हातानं विष लावून वर कुलूप घालत होता.

राजा अनवाणी कोठडीकडे धावला. दार स्वतः उघडलं. "मामा, चुकलो मी. चला घरी."

मामा भिंतीचा आधार घेत बाहेर आले. "महाराज, ताक ताजं प्या, मातीच्या भांड्यातलं प्या," ते म्हणाले. "पण वाढायला आता मी नाही येणार. तुमच्यापुढे ताट ठेवताना माझा हात थरथरेल. आणि तो थरथरला, की तुम्हाला पुन्हा शंका येईल."

मामा आपल्या गावी निघून गेले. राणी परत आली. राजाचं पोटही बरं झालं, चूर्णाची चिमूटसुद्धा लागली नाही. पण मामांच्या हातचा भात त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.

म्हणून सांगतो, पोरांनो आणि पोरांच्या आजोबांनो, दुखणं औषधानं नुसतं दाबू नका, दुसऱ्याच्या माथी तर मुळीच मारू नका. त्याचं मूळ शोधा, आणि शोध आपल्यापासून सुरू करा.