दगड मारणारा नावाडी

पूर्वी विरूपसेन राजा शोणनगरावर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव दीर्घक. नगराबाहेरच्या सरोवरावर नावांचे बंदर होते, आणि दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून तिथे तांबड्या छातीचे रानहंस उतरत. तसे हंस दुसरीकडे कुठेच दिसत नसत. ते उतरले की सरोवराचे पाणी वीतभर वर चढे म्हणतात. ज्याला खोटे वाटत असेल त्याने जाऊन मोजावे.

माणूस दिसला की हे हंस उडून जात. दीर्घकाने सात हिवाळे निळी घोंगडी पांघरून, धक्क्याच्या टोकाला बसून साळीच्या लाह्या टाकल्या. आठव्या हिवाळ्यात थव्याचा म्हातारा म्होरक्या त्याच्या तळहातावरून खाऊ लागला. मग काय, बघ्यांची जत्राच लोटली.

"दीर्घका, तुझी बायकोसुद्धा इतक्या विश्वासानं खात नसेल तुझ्या हातचं!" लोक थट्टा करीत, आणि तो सुखावे.

ही वार्ता राणीच्या कानी गेली. तिला तांबड्या पिसांचा पंखा हवासा वाटला. राजाने लोलक नावाच्या व्याधाला धाडले, पण त्याची जाळी हंसांनी दुरूनच ओळखली. शेवटी एका सकाळी तो कुडकुडत दीर्घकाच्या दारी आला.

"दादा, हाडं गोठली बघा. घटकाभर घोंगडी द्याल का?"

"घे बाबा. थंडी काय माणूस बघून वाजते?" तू कोण, कुठला, हेही दीर्घकाने विचारले नाही.

दीर्घक धक्क्यावर पोहोचला तोवर अकरा हंस माना मुरगळून पोत्यात गेले होते. एकही ओरडला नव्हता. ओळखीच्या घोंगडीपाशी ओरडायचे कशाला?

लोलकाने घोंगडी नीट घडी घालून परत दिली. "उपकार झाले, दादा. पंख्याला अजून दहाबारा लागतील. उद्या पुन्हा येतो. नाही दिलीत, तर दुसरी निळी घोंगडी मिळेलच की."

तो गेल्यावर दीर्घकाने तिथेच घोंगडी पांघरली. पाण्यावरचा थवा त्याला पाहून जवळ सरकला. त्याने ओटीत गोटे भरले आणि मारू लागला. हंस फडफडून उठले. म्होरक्या तेवढा उठेना. समोर पडलेला गोटा त्याने लाही समजून चोचीने चाचपला, आणि मान वर करून दुसऱ्याची वाट पाहिली. दीर्घकाने नेम धरला. दुसरा गोटा पंखावर बसला.

"अरे मेल्या, मुक्या जीवाला मारतोस?" बघे ओरडले. "राजानं नेले ते निदान कामी तरी आले!"

दीर्घक गोटे मारतच राहिला. बोलला असता तर हात थांबला असता. म्होरक्या वाकडातिकडा उडत थव्याला मिळाला, आणि ते हंस त्या बंदरावर पुन्हा कधी उतरले नाहीत. अकरा हंसांत पंखा अर्धाच झाला. राणीने एकदा वारा घेऊन तो टाकून दिला. दीर्घकाला मात्र लोक मरेपर्यंत 'हंसमाऱ्या' म्हणत राहिले, आणि त्याच्या नावेत कुणी पाऊल टाकीना.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा लोलक म्हणजे देवदत्त. तो म्होरक्या म्हणजे आपला आनंद. धक्क्यावर शिव्या घालणारे म्हणजे तुम्ही, इथे बसलेले सगळे. आणि दीर्घक म्हणजे मीच."



"ज्याचे भले करायचे, त्याच्या मनातून कायमचे उतरावे लागले तरी त्याचे भलेच करणे," शास्ता म्हणाले, "ही मैत्री-पारमिता."