जाहिरात गायब होते तेव्हा

आमचं हृदयरोग रुग्णालय गावात नवं. इंटरनेटवर शोधणाऱ्याला ते दिसतं ते जाहिरातीमुळेच, आणि ती जाहिरात मी सांभाळते. कुणी क्लिक केलं की पैसे कापले जातात. दिवसाची ठरलेली थोडीशी रक्कम संपली की जाहिरात गायब. महिनाभर ती सकाळी आठलाच संपत होती. परवा एक बाई येऊन सांगून गेल्या, "दुपारी जवळचं रुग्णालय शोधत राहिले, तुमचं नाव दिसलंच नाही. हे वाटेतच गेले."

संचालक डॉ. रणसिंगांनी बैठकीत टेबलावर हात आपटला. मी इतकी दचकले की पेन खाली पडलं.

"कोण चोर आपले क्लिक खातोय? उद्यापर्यंत शोध, नाहीतर घरी बस. सापडू दे, पै न् पै वसूल करीन!"

"शोधते, सर," मी कशीबशी म्हणाले.

क्लिक रोज सातनंतर, एकाच भागातून येत होते. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी कुणालाही न सांगता जाहिरात बंद केली आणि फोन समोर ठेवून बसले.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"अगं, जाहिरात कुठे गेली? आम्ही घरातले सगळे चहा घेताना रोज उघडून बघतो, आज दिसतच नाही!"

"चोर सापडला, सर."

पलीकडे कप बशीत खणकन आदळला.

"पैसे तुम्ही भराल," मी म्हणाले, "पण त्या बाईंना मी काय सांगू?"