पहिल्या भुवया मावशीच्या

ब्यूटी अकॅडमीचे नलावडे सर फिरत्या खुर्चीत रेलून म्हणाले, “फी दीड लाख. पण कोर्स संपला की महिन्याला चाळीस हजार कुठे गेले नाहीत. माझी हमी!”

कावेरीच्या पर्समध्ये आईच्या पाटल्या होत्या, मोडायला काढलेल्या. सोबत आलेली शालनमावशी गावात दोन खुर्च्यांचं पार्लर चालवायची. ती म्हणाली, “सर, आमच्यात नवरी आरशात बघून हसली की मगच पैसे मागतात. तुम्हीही पोरीची कमाई सुरू होऊ द्या, मग त्यातून फी कापून घ्या.”

सर गडबडले. “अहो, पण काम मिळेलच याची हमी कोण देणार?”

“आत्ता तुम्हीच दिलीत की!”

सर पेपरवेट फिरवत बसले. मावशीने भाचीला उठवलं.

बाहेर येताच कावेरीचे डोळे भरले. “आईच्या पाटल्या वाचवल्यास गं. पण आता शिकू कुठे?”

“माझ्याकडे. पहिल्या भुवया माझ्याच कोर.”

महिनाभर मावशी वाकड्या भुवयांनी बाजारात हिंडली. कुणी हसलं की ताठ मानेनं सांगायची, “भाची शिकतेय माझी!”

आता आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली कावेरीकडेच येतात. पण लग्नसराईत तिच्या खुर्चीत पहिली बसते ती मावशीच.