टिवली अंडं घालणार कुठे?

सीताफळाच्या झाडावर राहते कोण?
टिवली राहते. टिवली शिंपीण.
इवलासा पक्षी. अंगठ्याएवढा.
शेपटी ताठ. चोच सुईसारखी.

टिवलीने दोन पानं शिवली.
टुच टुच टुच!
दोन पानांचं एक घर झालं. आत कापूस, मऊ मऊ.
टिवलीच्या पोटात होतं अंडं. ते आजच येणार होतं.

तेवढ्यात वारा आला. गार नाही बरं. गरम!
भर्र भर्र भर्र!
मुकुंदकाकांच्या भिंतीवर, बाहेर, होता एसीचा डबा. आत खोली गार गार. बाहेर झाडाला झळा.
एक पान वाळलं. कुर्रर्र!
टाके तुटले. टर्रर्र!
घर फाटलं. कापूस उडाला.

टिवली रडली. थोडीशीच.
मग उडाली. फुर्र फुर्र!
गेली डब्याकडे.

"डबेदादा, डबेदादा, थांब ना!
पान वाळलं, घर फाटलं,
अंडं मी घालू कुठे?"

डबा म्हणाला, "भर्र भर्र! मीच का? मीच का? खिडकी बंद आहे. खोलीत वारा येत नाही. आधी खिडकीला सांग. खिडकी उघडली की मी थांबेन."

टिवली उडाली. फुर्र फुर्र!
गेली खिडकीकडे.

"खिडकीताई, खिडकीताई, उघड ना!
खिडकी उघडेना, डबा थांबेना,
पान वाळलं, घर फाटलं,
अंडं मी घालू कुठे?"

खिडकी म्हणाली, "खुट खुट! मीच का? मीच का? खाली गाडी उभी आहे. धूर सोडते आहे. मी उघडले तर धूर आत येईल. आधी गाडीला सांग. गाडी निजली की मी उघडेन."

टिवली उडाली. फुर्र फुर्र!
गेली गाडीकडे.

"गाडीबाई, गाडीबाई, नीज ना!
गाडी निजेना, खिडकी उघडेना, डबा थांबेना,
पान वाळलं, घर फाटलं,
अंडं मी घालू कुठे?"

गाडी म्हणाली, "घुर्र घुर्र! मीच का? मीच का? मला कुठे जायचंय? आत मुकुंदकाका बसलेत. म्हणतात, आधी गार हो, मग निघू. आधी काकांना सांग. काका उतरले की मी निजेन."

टिवली उडाली. फुर्र फुर्र!
बसली गाडीच्या आरशावर. काचेवर टकटक, टकटक!
काकांनी काच खाली केली.

"काका, काका, उतरा ना!
काका उतरेनात, गाडी निजेना, खिडकी उघडेना, डबा थांबेना,
पान वाळलं, घर फाटलं,
अंडं मी घालू कुठे?"

काका म्हणाले, "मीच का? मीच का? मला लिंबं आणायचीत. सरबताला."
ओट्यावर उभ्या होत्या काकू. त्या म्हणाल्या, "अहो, चार लिंबांना गाडी? दुकान इथून दिसतंय!"
"दिसतंय गं! पण ऊन बघ की. टक्कल तापतं माझं. टिवले, आधी छत्रीला सांग. छत्री फुलली की मी उतरेन."

टिवली उडाली. फुर्र फुर्र!
ओट्यावर होता खिळा. खिळ्याला होती छत्री. मिटलेली. धुळीने भरलेली.

"छत्रीमावशी, छत्रीमावशी, फूल ना!
छत्री फुलेना, काका उतरेनात, गाडी निजेना, खिडकी उघडेना, डबा थांबेना,
पान वाळलं, घर फाटलं,
अंडं मी घालू कुठे?"

छत्री हळूच म्हणाली, "फुलले असते गं. पण माझं कापड फाटलंय. काकू म्हणतात, ही टाकू, नवी आणू. मला कुणी टाके घातले, तर मी फुलेन."

टिवलीने इकडे पाहिलं. टिवलीने तिकडे पाहिलं.
आता सांगायचं कुणाला?
पोटातलं अंडं म्हणालं, "लवकर, आई, लवकर!"
टिवलीने शेपटी ताठ केली.
"मीच का? मीच का? सगळे नुसते विचारत बसलेत!
मीच की! मीच घालते टाके!"

चोचीने भोक पाडलं. टुच!
काकूंनी डोळे मोठे केले. "अगंबाई! ही छत्री शिवतेय!"
काकू आत पळाल्या. दोरा घेऊन आल्या.
"धर गं बाई. काळा आहे. छान दिसेल."
इकडून दोरा घातला. टुच!
तिकडून दोरा ओढला. टुच!
टुच टुच टुच! झाले टाके!

मग काय झालं?

छत्री फुलली. फटाक!
काका उतरले. हाश हुश!
गाडी निजली. घुर्र... घुर्र... गप्प!
धूर गेला.
खिडकी उघडली. खट्ट!
झुळूक आली. सूं सूं!
डबा थांबला. भर्र... भर्र... बंद!

टिवलीने नवं पान निवडलं. हिरवं हिरवं.
टुच टुच टुच! घर शिवलं.
कापूस आणला. मऊ मऊ.

काका चालत गेले. काका चालत आले.
पिशवीत चार लिंबं. डोक्यावर छत्री. नाकावर घाम.
काका म्हणाले, "हुश्श! आता एसी लावतो."
काकू म्हणाल्या, "हात तर लावून बघा! शेजारीण बाळंत होतेय."
काका बसले खिडकीपाशी. झुळूक आली. सूं सूं!
"अरेच्चा! गार लागतंय की!"
काका सरबत प्यायले. घुटुक घुटुक!

शूऽऽ! आता सगळे गप्प.

छत्री फुलली,
काका उतरले,
गाडी निजली,
खिडकी उघडली,
डबा थांबला,
पान हललं,
घर शिवलं,
आणि अंडं?

टुप!
घरात!